मोठीचा मान

१

सुरतेच्या रिंग रोडवर कापडाची मार्केटं किती आहेत, हे तिथल्या लिफ्टवाल्यांनाही सांगता यायचं नाही. त्यांतल्या एका मार्केटात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका दुकानात, रोज सकाळी अकराच्या ठोक्याला योगिता लाकडी पाटावर उभी राही. समोर गोल दिवा, दिव्याच्या मधोमध मोबाइल, मोबाइलच्या मागे शेठ. मग ती हसून म्हणे, “नमस्ते बहनों, आज का पहला पीस देखिए,” आणि कुठकुठल्या गावच्या बायका आपापल्या घरात बसून तिच्या अंगावरच्या साड्या बघू लागत.

दिवसाला साठ-सत्तर साड्या तिच्या खांद्यावरून जात. तिच्या स्वतःच्या कपाटात सहा होत्या, आणि त्या सहाही आधी दुसऱ्याच बाईला दाखवून मग तिच्या अंगाला लागलेल्या होत्या. ती बाई कोण, ते येईलच पुढे.

योगिता अमळनेरकडची. वय तीस. मूल होणार नाही म्हणून पहिल्या नवऱ्यानं टाकलेली. धुळ्याच्या डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलं होतं, आणि असा कागद एकदा घरात आला की बाईला बोलायला जो तो मोकळा होतो. दोन वर्षांपूर्वी डिंडोलीतल्या गोपालशी तिचं दुसरं लग्न झालं. गोपाल गोडादऱ्याच्या लूम्सवर, यंत्रमागांवर, कामाला. बायको वारलेली, घरात आई आणि एक लहान मुलगी. हिला मूल होणार नव्हतं, त्याच्याकडे तयार होतं, असा तो मेळ बसला. खरं सांगायचं तर लग्नाला हो म्हणताना योगितानं नवऱ्याचा फोटो नीट पाहिलाच नव्हता. मुलीचा पाहिला होता, चारदा.

ती मुलगी, धनश्री, आता नऊ वर्षांची होती. दोन वर्षांत तिनं योगिताला एकदाही मम्मी म्हटलं नव्हतं. ती तिला मासी, म्हणजे मावशी, म्हणे. समोरच्या खोलीतल्या बाईलाही ती मासीच म्हणे.

त्या मंगळवारी चौथी साडी खांद्यावर असताना मोबाइलवर कुणीतरी लिहिलं, मॅडम, आँखों के नीचे क्या हुआ? मग दुसरीनं लिहिलं. मग तिघीचौघींनी. शेठनी मोबाइलच्या मागून मान बाहेर काढली.

“योगिताबेन, जरा लाइट सामे जुओ तो.” ते जवळ आले. “आ शुं छे? दाने जैसा कुछ है.”

योगिताला माहीत होतं. सकाळी दात घासताना तिनं ते बोटांनी चाचपून पाहिले होते. दोन्ही डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूला, हरभऱ्याएवढ्या दोन गाठी.

२

चूक कशी झाली ते सांगायला हवं, कारण चूक अगदी साधी होती.

योगिताच्या डोळ्यांखाली काळसर खड्डे होते. शेठ महिनाभर मागे लागले होते, की थकेली दिखती हो, फ्रेश चेहरा नहीं होगा तो घडी में बैठना पडेगा. घडी म्हणजे साड्यांच्या घड्या घालायची मागची खोली. तिला खिडकी नव्हती आणि तिथं चेहराही लागत नसे. योगितानं उधन्यातली एक पार्लरवाली गाठली. ती नुकताच चार दिवसांचा कसलासा कोर्स करून आली होती. म्हणाली, फिलर करू. पारदर्शक जेल असतं, सुईनं डोळ्याखाली भरायचं, खड्डा दिसतच नाही. भिंतीला पुट्टी भरतात तसंच की.

पार्लरवालीनं गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र निघालं, आणि काळ्या दोऱ्यातला चांदीचा टाकही निघाला. दोन्ही एका वाटीत गेलं.

टाक म्हणजे बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा. त्यावर ठोकून काढलेली एक बाई, नाक नाही, ओठ नाहीत, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. दुसरेपणावर आलेल्या बाईनं वारलेल्या पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही त्यांच्याकडची रीत. घरात त्या टाकाला सगळे ‘मोठी’ म्हणत. मोठीचं नाव सुषमा. किडनीच्या दुखण्यानं ती तीन वर्षांपूर्वी गेली होती. तिचा मान पहिला. जेवताना पहिला घास काढून टाकापुढे ठेवायचा. साडी, बांगडी, चप्पल, काहीही नवं घरात आलं की आधी टाकाला लावायचं, “हे पह्यले तुन्हं, मंग मन्हं,” म्हणायचं, आणि मगच आपल्या अंगावर घालायचं. दुकानातल्या साड्यांचं काय करायचं, असा प्रश्न मध्यंतरी निघाला होता. सासूनं, इंदुबाईंनी, त्याचा निकाल लावला होता, की विकायचं ते नवं नव्हे, आपलं होईल ते नवं.

फिलर आपलं होतं. आपल्या चेहऱ्यात कायमचं राहायला आलेलं होतं. पण ते मोठीला दाखवायचं योगिताच्या ध्यानीमनीही आलं नाही, आणि आलं असतं तरी तिनं केलं नसतं. औषधाच्या दुकानातून गोळी आणली तर ती कुणी टाकाला लावतं का?

दहा-बारा दिवस चेहरा छान दिसला. मग त्या गाठी आल्या.

३

घरी पोचली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. डिंडोलीतली त्यांची जागा दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. खाली एम्ब्रॉयडरीचं खातं, म्हणजे कारखाना, त्यामुळे फरशी दिवसभर बारीक थरथरे आणि मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत. इंदुबाई दाराशी बसून साड्यांच्या उलट्या बाजूचे सुटे धागे कापत होत्या. हे काम पूर्वी सुषमा करायची. कटरचा आवाज मशीनच्या आवाजातूनही ऐकू येई, कच, कच, कच.

धनश्री अभ्यास करत होती. तिनं वर पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. मग उठून योगिताजवळ आली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिच्या डोळ्याखालच्या गाठीवर बोट ठेवलं.

“मम्मीला पण इथंच फुगायचं,” ती म्हणाली. “सकाळी ज्यादा. मग सांजे कमी व्हायचं.”

कटर थांबला.

मुलीनं आपण होऊन तिला हात लावण्याची दोन वर्षांतली ही पहिली वेळ. योगिताला आनंद झाला, अगदी लाज वाटावी इतका. तो ओसरल्यावर मात्र ‘मम्मीला पण’ हे शब्द तिला पुन्हा ऐकू आले.

ती स्वतःला समजावू लागली. समजावण्यात ती हुशार होती, आयुष्यात तेवढंच तर केलं होतं. किडनीच्या माणसाचे डोळे सुजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि डोळ्याखाली गाठ यायची तर डोळ्याखालीच येणार, ती काय कोपरावर येणार? पोरीला आई आठवली, एवढंच.

भिंतीवर सुषमाचा फोटो होता, दुखण्याच्या आधीचा. डोळे खोल. डावा उजव्यापेक्षा थोडा जास्तच. उजव्या डोळ्याखाली कांजिण्यांचा एक वण. फोटोखालच्या खिळ्याला एक छोटी अॅल्युमिनियमची कढई अडकवलेली होती. सुषमाची बिनमिठाची भाजी त्या कढईत वेगळी शिजायची. ती गेल्यापासून कढई कुणी खाली काढली नव्हती, टाकूनही दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगितानं आरसा घेतला. गाठी मोठ्या झाल्या होत्या. संध्याकाळी पुन्हा पाहिलं तर त्या उतरल्या होत्या.

४

शेठनी आठवड्याची मुदत दिली. पार्लरवालीनं फोन उचलणं बंद केलं. शेवटी मार्केटातल्या कुणीतरी अडाजणच्या एका चामडीच्या डॉक्टरणीचा पत्ता दिला. डॉक्टर मृणाल. मूळच्या नाशिकच्या, शांत बोलणाऱ्या, कपाळावर टिकली नाही पण बोलण्यात जिव्हाळा.

“घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “जेल फार वरच्या थरात भरलंय, म्हणून गोळे दिसतात. ते विरघळवायचं औषध असतं. आधी हातावर थोडं टोचून बघू, सोसतंय का. तुमचा इंजेक्शनच्या आधीचा फोटो आहे का? मूळ चेहरा कसा होता ते मला कळायला हवं.”

योगितानं मोबाइल काढला. शेकडो व्हिडिओ होते. डॉक्टरनी चार-पाच पाहिले आणि मान हलवली.

“हे सगळे फिल्टरचे आहेत. यात तुमची कातडीच नाहीये. साधा एखादा?”

साधा नव्हता. पहिल्या लग्नाचे फोटो त्या सासरीच राहिले, आणि हे लग्न देवळात पाच माणसांत झालेलं. त्याचे फोटो गोपालच्या जुन्या मोबाइलात होते आणि तो मोबाइल लूम्सच्या तेलात पडून मेला होता. माहेरी फोटो काढायची रीत नव्हती. उरलं आधार कार्ड. आणि आधार कार्डावरचा फोटो तर कुणाचाच नसतो. योगिता पर्स धुंडाळत राहिली. आपण खऱ्या कशा दिसतो याचा आपल्यापाशी एकही पुरावा नाही, हे तिला तिसाव्या वर्षी, अडाजणच्या एका एसी खोलीत कळलं.

डॉक्टरनी अंगठ्यानं गाठ दाबली आणि अंगठा काढला. दाबल्या जागी खळगा तसाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं.

“जेल असं करत नाही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “थोडं जेल आहे, पण ही बरीचशी सूज वाटतेय. किडनीचा काही त्रास?”

“मला नाही.”

“घरात कुणाला?”

योगितानं पर्सची चेन लावली. मग म्हणाली, “होता.”

“रक्ताच्या नात्यातल्या कुणाला?”

“नाही.”

“मग त्याचा काही संबंध नाही,” डॉक्टर हसून म्हणाल्या, आणि तरी रक्त-लघवीची तपासणी लिहून दिली.

तपासणीत काहीही निघालं नाही. योगिताची किडनी ठणठणीत होती. गाठी रोज सकाळी फुगत होत्या आणि संध्याकाळी उतरत होत्या. धनश्री आता शाळेत जायच्या आधी त्यांवरून बोट फिरवून जाई.

५

औषध टोचायच्या आदल्या दिवशी इंदुबाईंनी विचारलं. योगिता सासूला आत्या म्हणे. बाई बोलायला कमी, पण एकदा विचारलं की सुटका नसे.

“डोयाखाले काय टोची लिधं तू?”

योगितानं सांगितलं. पार्लर, सुई, जेल, सगळं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. कुणी विचारायची ती वाटच पाहत असावी.

“मोठीले दखाडं व्हतं का?”

“नही, आत्या. ते काय लुगडं शे का?”

“आंगवर चढनं ना? मंग नवंच ते.” इंदुबाईंनी कटर फरशीवर ठेवला. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “तिले सोडी दिन्हं तू. आते सकाय नवं तोंड कराले जाई ऱ्हायनी, तं आते तरी पह्यले तिले दे.”

योगिताला हसू यायला हवं होतं. दुकानात ही गोष्ट सांगितली असती तर घडीतल्या बायका पोट धरून हसल्या असत्या. पण धनश्री तिथंच बसली होती आणि टक लावून पाहत होती. आणि योगिताच्या मनात आलं, मुलीच्या आईचा मान आपण चुकवला, हे मुलीच्या मनात राहायला नको. बस, एवढ्याचसाठी तिनं ते केलं. खरंच एवढ्याचसाठी.

देवघरापुढे बसून तिनं दोरा गळ्यातून काढला. टाक आधी डाव्या डोळ्याखाली टेकवला, मग उजव्या. चांदी गार लागली. उद्या जो चेहरा होईल तो डोळ्यांपुढे आणायचा तिनं प्रयत्न केला, पण चेहरा काही येईना. कसा येणार? तो तिनं कुठं जपून ठेवला होता?

“हे पह्यले तुन्हं,” ती म्हणाली, “मंग मन्हं.”

खालची मशीन त्याच क्षणी थांबली. चहाची वेळ होती, रोजच थांबते. पेल्यांची किणकिण बंद झाली आणि खोलीत इतकं शांत झालं की धनश्रीचा श्वास ऐकू आला.

साडी टाकाला लावली की लगेच परत उचलून घ्यायची असते. तोंड परत कसं घ्यायचं, हे इंदुबाईंनी सांगितलं नाही आणि योगितानंही विचारलं नाही.

६

डॉक्टर मृणालनी तिला खुर्चीत आडवं केलं आणि दिवा जवळ ओढला. गळ्यातलं काढायला सांगितल्यावर योगितानं टाक मुठीत धरून ठेवला.

“धरा, हरकत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “हलू नका फक्त.”

सुई चारदा गेली. दुखलं नाही, जळजळलं. मग डॉक्टर दोन्ही अंगठ्यांनी हलकेच चोळू लागल्या. डोळे मिटलेल्या योगिताला वाटलं, कुणीतरी आतल्या बाजूनंही तसंच चोळतंय, बाहेरच्या अंगठ्यांना साथ दिल्यासारखं. तिनं मूठ आणखी आवळली. भुलीचं मलम लावलं होतं, त्यानं असं वाटत असेल, असं ती मनात म्हणत राहिली.

“अरे वा,” डॉक्टर म्हणाल्या. “एरवी दोन दिवस लागतात. तुमचं आत्ताच उतरायला लागलंय. बघा.”

त्यांनी हातात छोटा आरसा दिला. गाठी खरंच नव्हत्या. कातडी सपाट होऊन आत गेली होती आणि डोळे खोल दिसत होते.

आणि मग योगितानं ते पाहिलं. अगदी क्षणभर. आरशातल्या डोळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी खोली पाहिली. खिडकी पाहिली, खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड पाहिलं, फार दिवसांनी दवाखान्यातून बाहेर आलेलं माणूस पाहतं तसं. त्यानंतर ते तिच्याकडे वळले.

आरसा तिच्या हातून पडला. फुटला नाही, प्लॅस्टिकचा होता.

“ही मी नाही, मॅडम.”

“होतं असं,” डॉक्टर मायेनं म्हणाल्या. “डोळ्यांभोवती जरा बदललं की आठवडाभर आरसा परका वाटतो. तुम्ही फिल्टर बघून बघून स्वतःचा चेहरा विसरलाय, दुसरं काही नाही. हा तुमचाच आहे.” त्यांनी वाकून उजव्या डोळ्याखाली पाहिलं. “इथं सुईचा एक खळगा राहिलाय. भरून येईल तो.”

योगितानं मूठ उघडली. तळहातावर चांदीतली बाई उमटली होती.

७

तो खळगा भरून आला नाही. तिनं रोज बोट लावून पाहिलं.

शेठनी तिला पाटावर उभं केलं, मोबाइलमधून पाहिलं आणि मोबाइल खाली घेतला. “आवाज तो वही है,” ते म्हणाले, “पण कस्टमर पूछ रहे हैं, पहले वाली बेन किधर गई.” दोन दिवसांनी पाटावर दुसरी मुलगी होती. योगिताला घडीच्या खोलीत बसवलं. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं, आणि गंमत अशी की तिला फारसं वाईट वाटलं नाही. तिथं आरसा नव्हता.

घरी वाईट वाटायला जागाच राहिली नाही. गोपाल कामावरून आला, दारात थबकला आणि डबा हातात तसाच धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. दोन वर्षांत बायकोकडे त्यानं असं कधीच पाहिलं नव्हतं. रविवारी सकाळी तो लोचोचा, त्या मऊ सुरती फरसाणाचा, पुडा घेऊन आला.

“मरची कमी टाकेल शे,” तो म्हणाला.

योगिता तिखट खाणारी. झणझणीत ठेच्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. हे त्याला ठाऊक होतं. तिनं पुडा घेतला, आणि तो निवायच्या आत गोपालसमोर बसून सगळा खाल्ला.

इंदुबाईंनी तिच्या गळ्यातला दोरा सोडवून टाक देवघरात नेऊन ठेवला. योगितानं का म्हणून विचारलं. “आते गयामा घालानं काम नही,” एवढंच त्या म्हणाल्या. त्या दुपारी योगिता त्यांच्याशेजारी बसली आणि कटर उचलून धागे कापू लागली. ते काम ती कधी शिकली नव्हती. बोटं सराईतपणे चालत होती, एकही टाका न तुटता. बघून बघून येतं माणसाला, तिनं स्वतःला सांगितलं. हल्ली ती स्वतःला जे सांगे ते तिला नीट ऐकू येत नसे.

आणि धनश्री? धनश्री शाळेतून आली की दप्तर फेकून तिच्या कुशीत शिरे. वेणी तिच्याकडून घाली, गृहपाठ तिच्या मांडीवर बसून करी. एकदा वेणी घालताना ती मान वळवून म्हणाली, “मम्मी, तुला आता बरं वाटतं ना?”

योगिताच्या हातातला कंगवा थांबला. हा एक शब्द ऐकायला ती अमळनेरहून सुरतेला आली होती. आधी सुजलेले डोळे, मग उतरलेली सूज, मग फोटोतले दुखण्याआधीचे डोळे. मुलीनं सगळं बरोबर ओळखलं होतं. कुणीतरी खरंच बरं होत होतं. फक्त ती योगिता नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “बरं वाटतं.”

८

मकरसंक्रांतीनंतरचा कुठलासा सुट्टीचा दिवस. गच्च्यांवर पतंगांचे मांजे अजून लोंबत होते. दुपारी चौघं जेवायला बसली. खालचं खातं बंद, पेले गप्प.

इंदुबाईंनी ताटं वाढली. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, आणि रोजच्यासारखा देवघराकडे न नेता तो योगिताच्या ताटात ठेवला.

“खाय माय,” त्या म्हणाल्या. “पह्यला घास तुन्हा.”

गोपाल खाली बघून जेवत होता. योगितानं भिंतीकडे पाहिलं. फोटो होता, पण त्याखालच्या खिळ्यावर काहीच नव्हतं. छोटी कढई शेगडीवर होती आणि तिच्यातून वाफ निघत होती.

ती उठून देवघरापाशी गेली. कुणी अडवलं नाही. टाक ताज्या कुंकवात उभा करून ठेवलेला होता. चांदीतली बाई तशीच, नाक नाही, ओठ नाहीत, दोन ठिपक्यांचे डोळे. त्या ठिपक्यांखाली चांदी वर आली होती, दोन्हीकडे, मोहरीएवढी. योगितानं बोट लावलं. मुठीत आवळला होता त्या दिवशी, तेव्हा पत्रा वाकला असेल. वाकलाच असेल. तिनं बोट काढलं नाही. चांदी गार नव्हती.

तिला तिथंच बसून हंबरडा फोडावासा वाटला. मी इथं आहे, कुणीतरी मला बघा, असं ओरडावंसं वाटलं. पण ओरडून दाखवणार काय? तिच्यापाशी तिचा फोटोसुद्धा नव्हता.

“मम्मी, चल ना, ठंडं होईल,” धनश्रीनं हाक मारली.

ती परत येऊन बसली. धनश्री सरकून तिच्या मांडीवर आली. मुलीच्या हातात मोबाइल होता आणि ती जेवताना व्हिडिओ पुढे सरकवत होती. एकावर तिचं बोट थांबलं. गोल दिव्याच्या उजेडात एक बाई पाटावर उभी होती. हसरी, गोरीपान, गळ्यातल्या दोऱ्यावरून पदर नीट ओढून घेतलेली. नमस्ते बहनों, आज का पहला पीस देखिए.

धनश्रीनं स्क्रीन जवळ धरून पाहिली. मग मान वर करून तिनं योगिताच्या डोळ्यांत पाहिलं, आणि पुन्हा स्क्रीनकडे.

“मम्मी, ही कोण?”

गोपालनं मान वर केली. इंदुबाई थांबल्या. योगिताला उत्तर माहीत होतं. ते ओठांशी आलं होतं, दोन अक्षरांचं, ‘मीच’. मुलगी मांडीवर होती, तिचा भार उबदार होता, आणि ती दोन अक्षरं उच्चारली की हा भार उठून जाणार, आपण पुन्हा मासी होणार, हे तिला तितकंच स्वच्छ माहीत होतं.

“कुणी नाही,” योगिता म्हणाली.

धनश्रीनं बोटानं व्हिडिओ वर सरकवला. बाई गेली. योगितानं पहिला घास उचलून तोंडात घातला.

भाजी अळणी होती.